मदत हवी आहे : बाबांना एएलएस, एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करू का?

रानजाई
बाबांना एएलएस आहे, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरण्याचा आजार. परवा वाचलं, आपल्या जनुकांत लाखो वर्षांपूर्वीचे विषाणू पडून आहेत. त्यातला एचईआरव्ही-के जागा झाला की चेतापेशी मरतात, आणि एचआयव्हीच्या औषधांनी तो दबतो. डॉल्युटेग्राविर, अबॅकाविर, लॅमिव्हुडिन. औषधवाला आणून देतो म्हणतोय. डोस किती ठेवू? लवकर सांगा, शर्टाचं बटण लावायला आता दहा मिनिटं लागतात.

चिंचगुलाब
वय किती? निदान कधी झालं? एएलएसचं नेहमीचं औषध, रिलुझोल, चालू आहे का?

भटक्या_सातारकर
पंचकर्म करा. काकांना खूप फरक पडला. विषाणू मुळापासून निघून जातो.

मूषकपर्णी
निघून कुठे जाणार? आपल्या जनुकसंचाचा ८ टक्के भाग असल्या विषाणूंचे अवशेष आहेत, प्रथिनं बनवणारा भाग २ टक्केही नाही. त्यातल्याच एका अवशेषापासून बनणाऱ्या सिन्सिटिनशिवाय गर्भाची वार नीट तयार होत नाही. तुमच्या काकांना नेमकं काय झालं होतं?

भटक्या_सातारकर
मणक्याची गादी सरकली होती. पण नस ती नसच.

अबोली_७
आधी बाबांची एचआयव्हीची चाचणी करून घ्या, लपवू नका.

रानजाई
त्यांना एचआयव्ही नाही! प्रश्न नीट वाचा. वय ६१, रिलुझोल चार महिने चालू. डोस सांगा कोणीतरी.

मूषकपर्णी
डोस नाही सांगणार, रागावू नका. २०१५ साली अमेरिकेत अविंद्र नाथ यांच्या गटाला काही रुग्णांच्या मेंदूत एचईआरव्ही-के जास्त दिसला, पण नंतर इतर प्रयोगशाळांना तसं आढळलं नाही. तुम्ही म्हणता त्याच औषधांच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ४० एएलएस रुग्ण, २४ आठवडे, गोळ्या सगळ्यांनाच. तुलनेला गटच नव्हता. औषध झेपलं एवढंच त्यातून कळतं.

दर्यावर्दी
एएलएसमध्ये वाट बघायला वेळ असतो का? माझ्या आईच्या वेळी सगळे 'थांबा' म्हणाले. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात रोज शेकडो लोक हीच गोळी घेतात.

चिंचगुलाब
ती हीच नव्हे. तिथल्या नेहमीच्या गोळीत टेनोफोविर असतं, अबॅकाविर नाही. अबॅकाविरआधी एचएलए-बी*५७०१ ही रक्तचाचणी करतात. ती पॉझिटिव्ह असताना औषध दिलं तर जिवावर बेतू शकतं. आणि रानजाई, आणखी एक विचारते : बाबांना कधी कावीळ झाली होती? हिपॅटायटिस बी तपासलाय? लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबतं, मध्येच बंद केलं तर यकृतावर उलटतं.

सोनचाफा
हे अवशेष मुलांत उतरतात का? माझ्या मुलीला मायग्रेन आहे.

मूषकपर्णी
सगळ्यांतच असतात, मायग्रेनसाठी वेगळा धागा काढा.

रानजाई
आईला विचारलं. २०११ साली रक्तदान शिबिरातून बाबांना चिठ्ठी आली होती, रक्त घेता येणार नाही म्हणून. जुन्या फाइलीत कागद सापडला : एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे हिपॅटायटिस बी. पुढे कोणी बघितलंच नाही. औषधवाल्याला नको म्हणून सांगितलं. गुरुवारी न्यूरोकडे जातोय.

चिंचगुलाब
तो कागद सोबत न्या. रिलुझोलनेही यकृताची एन्झाइम्स वाढतात, एसजीपीटी ही यकृताची चाचणी शेवटची कधी केली? आणि रात्री आडवं झाल्यावर बाबांना धाप लागते का, उशा किती घेतात?

रानजाई
दोन घ्यायचे. या महिन्यात तीन मागतात. मला वाटलं मान दुखते.

चिंचगुलाब
मान नाही, एएलएसने श्वासाचे स्नायू कमजोर होत असतील. गुरुवारपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करा. फुप्फुसांची क्षमता मोजायला सांगा.