मदत हवी आहे: पुढचे दिवे लागतात, मागचे नाही. 'ऑटो' (अंधारात आपोआप लागणारे दिवे) बसवून घ्यावं का? (कॅनडा)

रानजाई

मंडळी, गाड्यांतलं कळणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या.

पुण्याहून मिसिसागाला (ओंटारियो प्रांत) आल्यावर आम्ही एक वापरलेली गाडी घेतली, २०१४ चं मॉडेल. परवा संध्याकाळी ४०१ हायवेवरून घरी येत होते. मागून एक ट्रकवाला सारखा अप्पर मारत होता. वाट हवी असेल म्हणून लेन बदलली, तर तो शेजारी आला आणि अंगठ्याने 'मागे बघा, मागे बघा' अशी खूण करून गेला. घरापाशी इंजिन चालू ठेवूनच उतरले आणि मागे गेले. मागचे लाल दिवे साफ बंद. पुढे मात्र लख्ख उजेड, आणि डॅशबोर्ड दिवाळीसारखा उजळलेला.

पुण्याच्या गाडीत हा घोळच नव्हता. अंधार पडला की मीटर दिसेनासं व्हायचं, मग हात आपोआप स्टिअरिंगजवळच्या दिव्यांच्या दांडीकडे जायचा. एकदा फिरवली की पुढचे, मागचे, मीटरचे सगळे दिवे एकदम. इथल्या गाडीत दांडीवर बंद, छोटे दिवे आणि मोठे दिवे अशा तीनच खुणा आहेत. ऑटो नाही. आणि गंमत म्हणजे 'बंद'वर ठेवली तरी पुढचे दिवे चालूच राहतात.

नवऱ्याचं म्हणणं, हे विकून ऑटोवाली गाडी घेऊ म्हणजे विषय संपला. जपानमधला, नागोयाचा मावसभाऊ म्हणतो आमच्याकडे दिवे बंद करायची सोयच नाही. न्यू जर्सीची वहिनी म्हणते आमच्याकडे बंद म्हणजे बंद. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्यावर मी इथे आले.

गाडी बिघडली आहे का? ऑटोसाठी उजेड मोजणारा सेन्सर बाहेरून बसवून मिळतो का, आणि बसवावा का? डिसेंबरात इथे पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्यामुळे जरा घाई आहे.

ओंटारियोतला अण्णा

ताई, गाडी ठणठणीत आहे. तिला ज्या कायद्यासाठी बनवलं तो कायदा ती पाळतेय.

१ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीला कॅनडाने दिवसा चालणारे दिवे सक्तीचे केले. फक्त पुढचे. समोरून येणाऱ्याला गाडी लांबून दिसावी एवढाच हेतू. मागच्या दिव्यांबद्दल त्या नियमात काही नव्हतं. इंजिन सुरू झालं की पुढचे लागतात, दांडी कुठेही असो. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी वेगळा दिवा नसतो, हेडलाईटचाच बल्ब कमी ताकदीवर चालवतात. शहरात रस्त्यावरचे दिवे असतात, त्यात हा अर्धा उजेड मिसळला की बसलेल्याला वाटतं आपले दिवे लागलेत.

तेव्हा हे खपून गेलं, कारण तुम्ही पुण्याच्या गाडीबद्दल लिहिलंय तेच इथेही होतं. मीटर काळं पडलं की माणूस दिवे लावायचाच. पुढे किल्ली फिरवल्यापासून उजळलेली मीटरं आली आणि ती आठवण करून देणारी गोष्टच गेली. इथे अशा गाड्यांना भुताच्या गाड्या म्हणतात. समोरून आहे, मागून नाही.

तक्रारी वाढल्या तेव्हा सरकारने नियम बदलला. १ सप्टेंबर २०२१ पासून बनणाऱ्या गाड्यांत कंपनीने तीनपैकी एक करायचं: मीटर उजळलेलं असेल तर दिवसाच्या दिव्यांबरोबर मागचेही लावायचे, किंवा अंधार पडताच पुढचे-मागचे सगळे आपोआप लागतील असं करायचं, किंवा चालक स्वतः दिवे लावेपर्यंत मीटर काळंच ठेवायचं. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. फुकटातला आहे.

तुमची २०१४ ची यात येत नाही. दांडी तिसऱ्या खुणेवर ठेवा आणि विसरून जा, दिवसासुद्धा.

आणि वेळेचं लक्षात ठेवा. ओंटारियोत सूर्यास्ताच्या अर्धा तास *आधीपासून* सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत कायद्याने दिवे लावावे लागतात. शिवाय हवा खराब होऊन दीडशे मीटरवरचं नीट दिसेनासं झालं तर कधीही. म्हणजे डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारापासून.

जर्सीची काकू

तुमच्या वहिनी बरोबर सांगतात. अमेरिकेत दिवसाचे दिवे केंद्राने सक्तीचे केलेच नाहीत. १९९३ मध्ये नुसती परवानगी दिली. जनरल मोटर्सने १९९५ पासून आपणहून लावायला सुरुवात केली, बाकीच्यांनी ज्याची त्याची मर्जी. त्यामुळे इथल्या गाडीत दांडी 'बंद'वर असेल तर खरोखर मिट्ट काळोख असू शकतो. इथली गाडी कायमची कॅनडात नेणाऱ्यांना हे दिवे बसवून घ्यावे लागतात. आमच्या ओळखीतल्या एकाने टोरांटोला जाताना हे केलंय, त्याची कुरकुर अजून चालू आहे.

वेळही उलटी. बऱ्याच राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे सक्तीचे होतात. सीमा ओलांडली की तासाभराचा फरक!

आणखी एक. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इथे वायपर चालू तर हेडलाईट चालू, असा कायदा आहे. तुमचं ते ऑटो पावसात नेहमी साथ देईल असं नाही. भर दुपारच्या पावसात आकाश पुरेसं उजळ असतं, सेन्सर म्हणतो मला काय त्याचं. काही गाड्यांत वायपर आणि दिवे एकमेकांना जोडलेले असतात, काहींत नाही. पुस्तिकेत बघावं लागतं.

बाकी हे ऑटो प्रकरण नवं नाही बरं. कॅडिलॅकने १९६४ मध्येच अंधार पडल्यावर आपोआप लागणारे दिवे देऊ केले होते.

टपरीवरचा

पुण्यातून हजेरी. आमच्याकडे उलट प्रॉब्लेम. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू, बटणच काढून टाकलंय. तरी आजही दुपारी बारा वाजता लक्ष्मी रोडवरून जा, समोरून येणारे काका पाचही बोटं मिटून-उघडून सांगणार, 'अहो, लाईट चालू आहे!' इतक्या वर्षांत मी कुणालाही समजावलेलं नाही. मान डोलावतो आणि पुढे जातो.

चारचाकीला असा नियम नाही. ऑटो असतं ते कंपनी देते म्हणून. एक्सप्रेसवेला भाताणच्या बोगद्यात शिरलं की लागतात, बाहेर आलं की थोड्या वेळाने जातात. पोरं टाळ्या वाजवतात.

रानजाई, ऑटोवाली गाडी घेतलीत तर डॅशबोर्डवर काचेलगत एक छोटा काळा घुमट बघून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो सेन्सर असतो, काहींत आरशामागे. माझ्याकडे गाडीदुरुस्तीला एक गिऱ्हाईक आलं होतं, 'दिवसा दिवे बंदच होत नाहीत, वायरिंग बदला' म्हणून. त्या घुमटावर गणपतीचं आसन अंथरलेलं. मखमली. गणपती दोन इंच सरकवला आणि चहा पाजून पाठवून दिलं.

रानजाई

टपरीवाले, हसून मेले. म्हणजे माझ्याकडे सेन्सर असता तर त्यावर रुमाल टाकूनही काम झालं असतं!

अण्णा, दांडी तिसऱ्या खुणेवर ठेवून बघितलं, मागचे लागले. पण मावसभावाचं 'बंदच होत नाही' ते खरं आहे का? तो थापा मारण्यात पटाईत आहे.

नागोयाकर

या वेळी थाप नाही. जपानमध्ये नव्या मॉडेलना एप्रिल २०२० पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना ऑक्टोबर २०२१ पासून ऑटो सक्तीचं आहे. बाहेरचा उजेड १००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) खाली गेला की दोन सेकंदांच्या आत दिवे लागले पाहिजेत, आणि गाडी चालू असताना चालकाला ते बंद करता येता कामा नयेत. ऑफिसच्या टेबलावर साधारण ५०० लक्स असतात, म्हणजे त्याच्या दुप्पट उजेड असतानाच दिवे लागतात. आपल्या डोळ्याला ती संध्याकाळ वाटतच नाही.

मुद्दाम तसं केलंय. इथे पादचाऱ्यांचे अपघात संध्याकाळी पाच ते सातच्या सुमाराला जास्त होतात. लोकांना अजून दिसत असतं, म्हणून ते दिवे लावत नाहीत. आपल्याला दिसणं आणि आपण दुसऱ्याला दिसणं यातला फरक माणसाच्या लक्षात येत नाही, म्हणून निर्णयच काढून घेतला.

माझ्या गाडीत दांडी 'बंद'कडे फिरवून धरावी लागते, तीसुद्धा गाडी उभी असताना. सोडली की परत ऑटोवर. इथले जुने चालक याला वैतागलेत, कारण सिग्नलला थांबल्यावर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून हेडलाईट घालवून छोटे दिवे ठेवायची पद्धत होती. शिष्टाचारच तो. माझे शेजारी ओजीसान (म्हणजे काका) अजून प्रत्येक सिग्नलला हे करतात, हिरवा झाला आणि गाडी सुटली की दिवे आपले आपण परत लागतात.

स्टुटगार्टी

हे १००० लक्स आणि दोन सेकंद आमच्याकडेही तेच. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ४८ म्हणून आहे, त्यातून आलंय. ७००० लक्सच्या वर गेलं की बंद, पण लगेच नाही, किमान ५ आणि जास्तीत जास्त ३०० सेकंद थांबून. त्यामुळे पुलाखालून किंवा झाडांच्या रांगेतून जाताना दिवे फडफडत नाहीत. मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. म्हणूनच एकाच संध्याकाळी एकाच रस्त्यावर एका गाडीचे लागतात, दुसरीचे नाही.

रानजाई, ऑटोवाली गाडी घेतली की विषय संपला, यावर मात्र माझा आक्षेप आहे. युरोपात ७ फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना दिवसाचे दिवे सक्तीचे आहेत, तेही पुढचेच. आता सकाळी दहा वाजताचं दाट धुकं घ्या. धुकं पांढरं असतं, उजळ असतं. सेन्सर फक्त उजेड मोजतो, धुकं नाही. त्याच्या लेखी लख्ख दिवस आहे. पुढे दिवसाचे दिवे चालू, मागे काहीच नाही. दर नोव्हेंबरला ऑटोबानवर (इथला हायवे) करड्या गाड्यांच्या करड्या पाठी बघतो, ब्रेक लागेपर्यंत दिसत नाहीत. आणि सगळ्या नव्याकोऱ्या, ऑटोवाल्या. जर्मनीत अशा वेळी दिवे हाताने लावणं ही चालकाचीच जबाबदारी, ऑटो होतं ही सबब चालत नाही.

इथल्या गाड्यांना मागे एक वेगळा झणझणीत लाल दिवाही असतो, धुक्यासाठी. पण तो ५० मीटरच्या आतलंच दिसत असेल तरच लावायचा, आणि मग वेगही ताशी ५० च्या वर नाही. तो दिवा ऑटो सहसा लावत नाही.

तुमच्याकडे बर्फ पडतं. भुरभुरणारा पांढरा बर्फ आणि धुकं सेन्सरला सारखंच.

ओंटारियोतला अण्णा

स्टुटगार्टींना अनुमोदन. बाहेरून सेन्सर बसवण्याच्या भानगडीत पडू नका. वायरिंगला हात लागला की पुढे काही झाल्यावर डीलर तेच कारण पुढे करतो. माझ्या गाडीत ऑटो आहे, तरी नोव्हेंबर ते मार्च मी दांडी मोठ्या दिव्यावरच ठेवतो.

रानजाई

ठरलं तर. गाडी विकायची नाही, सेन्सर बसवायचा नाही, दांडी कायम तिसऱ्या खुणेवर. नवऱ्याला धागा वाचायला दिलाय, तो धुक्याच्या परिच्छेदापर्यंत आल्यावर गप्प झाला.

एकच शेवटची शंका. दांडी कायम चालूवर ठेवली आणि गाडी बंद करून घरात गेले तर? उणे वीसमध्ये सकाळी बॅटरी बसलेली नको.

ओंटारियोतला अण्णा

तुमच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत किल्ली काढून चालकाचं दार उघडलं की दिवे आपोआप जातात. काहींत नुसतीच घंटी वाजते, दिवे राहतात. आज रात्री गाडी लावून, दार उघडून, परत लावून दहा मिनिटं खिडकीतून बघा. गेले तर प्रश्न मिटला. घंटी वाजली तर किल्ली काढायच्या आधी दांडी फिरवायची सवय लावा, आणि डिकीत जंपर केबल ठेवा. ती तशीही इथे लागतेच.

टपरीवरचा

आणि केबल घ्याल तर जाड घ्या. सुपरमार्केटातली बारीक केबल उणे वीसमध्ये कामाची नाही, आधी तीच तापते.