धाकटीने मोठ्या बहिणीला नावाने हाक मारावी का? (युवा नाटकाची संहिता)

मँचेस्टरकर:
आमच्या युवा नाट्यगटासाठी दोघी मिळून नाटक लिहितायत. एक इथली इंग्रज, दुसरी बीजिंगची. मुलं चौदा ते सोळा वर्षांची, तालमी मी सांभाळते. विषय परीक्षेचा: इथे सोळाव्या वर्षी शाळेची जीसीएसई, तिकडे अठराव्या वर्षी, ७ जूनपासून विद्यापीठ प्रवेशाची गाओकाओ. तिथवर छान जमलं. अडलंय दोन बहिणींपाशी.

बीजिंगच्या मसुद्यात धाकटी मोठीला 'जिएजिए' म्हणते, म्हणजे आपली ताई. इंग्रज लेखिकेने तिथे सरळ नाव घातलं, कारण 'सिस्टर' म्हटलं की इथे नर्स नाहीतर नन डोळ्यांसमोर येते. शिवाय भांडणानंतर आई न बोलता सफरचंदाच्या फोडी खोलीत आणून ठेवते, तो प्रसंग 'यात काही घडत नाही' म्हणून काढला. वाचताना माझा तर घसा दाटून आला होता. माझ्या आईने 'चुकलं माझं' कधी म्हटलं नाही, डाळिंब सोलून वाटी पुढे सरकवायची.

दोघींच्या मध्ये बोलू का?

लीड्सवाला:
जरूर बोला. शेक्सपिअर आणि चिनी नाटककार थांग श्यानचू दोघेही १६१६ला वारले. २०१६ला लीड्स विद्यापीठ आणि बीजिंगच्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी दोघांच्या स्वप्ननाटकांवरून मिळून प्रयोग केला, एडिंबरालाही नेला. असं काम एकीने दुसरीचं तपासून होत नाही, एकत्र बसावंच लागतं.

सावनी_लंडन:
गटातल्या चिनी घरांतल्या मुलांना विचारलंत का? हाँगकाँगची असतील तर घरी कॅन्टोनीज, ताईला 'गाजे' म्हणत असतील. आणि भूमिका त्यांनाच द्या. २०१२ला रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या 'द ऑर्फन ऑफ झाओ' या चिनी नाटकात १७ नटांत पूर्व आशियाई वंशाचे तीनच होते, त्यावरून केवढा वाद झाला होता.

तालीममास्तर, पुणे:
ताई, शब्द तसाच ठेवा. तिसऱ्यांदा कानावर पडला की प्रेक्षकाला कळतो. नाव मात्र जपून वापरा. भांडण टोकाला गेलं की धाकटीने मोठीला एकदाच नावाने हाक मारू दे.

मँचेस्टरकर:
काल तसंच करून पाहिलं. धाकटीचं काम करणारी मुलगी हाँगकाँगच्या घरातली. त्या वाक्याशी थांबली, म्हणाली, "मी ताईला असं कधीच म्हटलेलं नाही." मग म्हणाली. मोठीचं काम करणारी मुलगी खरंच दचकली. इंग्रज लेखिकेने बाकीची सगळी नावं तिथल्या तिथे खोडली.

फोडींचा प्रसंग अजून परत आलेला नाही. गुरुवारी तालमीला चिरलेल्या सफरचंदांचा डबा नेणार आहे.