मदत हवी आहे : टाइमशेअरचा आठवडा बदलून पुळणीवर जायचंय, रिसॉर्ट कसं निवडावं?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंच्या नावावर टाइमशेअरचा एक आठवडा आहे, म्हणजे रिसॉर्टमधलं युनिट दरवर्षी एक आठवडा वापरायचा हक्क. थंड हवेच्या ठिकाणचं रिसॉर्ट, एका बेडरूमचं युनिट. सासरे होते तोवर दोघं दरवर्षी तिथेच जायचे. आता त्यांना तिथे जाववत नाही आणि आम्हालाही आग्रह करवत नाही. यंदा त्यांनीच सांगितलं, "मला वाळूत बसायचंय. काही दाखवायला नेऊ नका. सकाळी नेऊन बसवा, उन्हं चढली की परत आणा." इतकं साधं मागणं आहे की ते नीट पुरं व्हावं असं फार वाटतंय, म्हणून हा धागा.

आम्ही तिघंच जाणार. सुट्ट्यांचं बंधन नाही, वर्षातला कुठलाही आठवडा चालेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, काठी घेऊन सपाटीवर चालतात, जिने टाळायला हवेत. पोहायचं नाही, पण पाय पाण्यात बुडवून बसता आलं पाहिजे. रात्रीचे कार्यक्रम, खेळ, खरेदी यातलं काही नसलं तरी चालेल. खोलीत साधं स्वयंपाकघर मात्र हवं, त्यांच्या औषधांच्या वेळा जेवणाशी बांधलेल्या आहेत.

आठवडा एक्स्चेंज कंपनीकडे देऊन दुसरीकडचा घ्यायचा, इथपर्यंत समजलं. पण तिथल्या याद्या वाचून डोकं चक्रावलंय. प्रत्येक रिसॉर्ट 'बीचफ्रंट' किंवा 'बीचजवळ'. फोटो सगळे उंचावरून काढलेले, निळं पाणी आणि मोकळी वाळू. लोकांचे अभिप्राय वाचावेत तर खोलीचे पडदे, लिफ्ट, पोहण्याचा तलाव, नाश्ता यांवर पानंच्या पानं, आणि किनारा मात्र 'छान आहे' या दोन शब्दांत संपतो. वाळू मऊ आहे की खडे टोचतात, पाणी शांत असतं की लाट अंगावर येते, भरतीला बसायला जागा उरते का, हे कोणी लिहीत नाही. आम्हाला नेमकं तेवढंच कळायला हवंय.

सध्या यादीत अरुबा (कॅरिबियनमधलं बेट), कॅनकून (मेक्सिको), माउई (हवाईतलं बेट) आणि तेनेरिफ (स्पेनचं बेट) आहेत. यातलं एकही ठिकाण आम्ही पाहिलेलं नाही. कोणी राहून आलं असेल तर रिसॉर्टच्या चकचकाटापेक्षा किनाऱ्याबद्दल सांगा. आणि घरबसल्या किनारा पारखायचा कसा, तेही सांगा. आठवडा आधी जमा करावा की आधी मागणी नोंदवावी, हाही प्रश्न आहेच.

प्रतिसाद

ताई, सासूबाईंनी मागितलंय ते सगळ्यात सोपं वाटतं आणि यादीत सापडायला सगळ्यात अवघड असतं. मी बरीच वर्षं आठवडे बदलून समुद्रकिनारी जाते आहे, आता रिसॉर्टचं पान उघडायच्या आधी नकाशा उघडते.

पहिलं बघायचं ते किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे. कॅरिबियनमध्ये वारा वर्षभर मुख्यतः पूर्वेकडून येतो. त्यामुळे बेटाची पूर्वेकडची बाजू लाटांची आणि पश्चिमेकडची शांत. बार्बाडोसमध्ये हा फरक एका दिवसात बघता येतो: पूर्वेला खवळलेला अटलांटिक, पश्चिमेला तळ्यासारखं पाणी. ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच आणि जमैकातलं नेग्रिल दोन्ही पश्चिमेला आहेत, ते उगाच नाही. अरुबाचे ईगल बीच आणि पाम बीचही त्याच बाजूचे.

कॅनकूनचंही तसंच. तिथली हॉटेलांची पट्टी सात या आकड्यासारखी आहे. वरची आडवी बाजू उपसागराकडे तोंड करून आहे, तिथे पाणी उथळ आणि शांत. खालची लांब बाजू उघड्या समुद्रावर, तिथे लाट जोरात आपटते. दोन्हीकडची रिसॉर्टं स्वतःला कॅनकूनच म्हणवतात, म्हणून नकाशावर नेमकी जागा बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

हवाईत दिशेबरोबर ऋतूही मोजावा लागतो. हिवाळ्यात मोठ्या लाटा उत्तरेच्या किनाऱ्यांवर येतात, उन्हाळ्यात दक्षिणेचे किनारे जास्त हलतात. हवाईच्या 'बिग आयलंड' या सगळ्यात मोठ्या बेटावर कोना बाजूला बराच किनारा काळ्या लाव्हाचा आहे. तिथे 'समुद्राला लागून' म्हणजे खडकाला लागून, हे धरूनच चाला. माउईतल्या कानापालीला वाळू आहे, पण तीही ऋतूप्रमाणे सरकते. एका मोसमात रुंद दिसणारी पट्टी दुसऱ्या मोसमात अरुंद झालेली असते.

दुसरं, वाळूचा पोत. बारीक वाळूचा किनारा सपाट असतो, उतार हळूहळू जातो, ओली वाळू चालायला घट्ट लागते. जाड, खडबडीत वाळूचा किनारा तीव्र उताराचा असतो आणि लाट अगदी काठावर फुटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या उतारावरून पाण्यापर्यंत जाणं आणि पुन्हा वर येणं जमत नाही. फोटोत उतार कळत नाही, पण लाट कुठे फुटते ते कळतं. फेसाच्या दोन-तीन ओळी दूरवर दिसल्या तर उतार मंद. एकच जाड ओळ काठाशी दिसली तर तो किनारा तुमच्यासाठी नाही. हे तंत्र मला फार उपयोगी पडलंय.

तेनेरिफबद्दल: ज्वालामुखीचं बेट आहे, नैसर्गिक वाळू बहुतेक ठिकाणी गडद आहे. गडद वाळू उन्हात लवकर तापते, दुपारी अनवाणी उभं राहवत नाही. लास तेरेसितास हा तिथला सोनेरी किनारा १९७० च्या दशकात सहारातून वाळू आणून तयार केलेला आहे. समोर बंधारा असल्याने पाणी शांत असतं, पण तो बेटाच्या ईशान्य टोकाला आहे आणि टाइमशेअरची वस्ती मुख्यतः दक्षिणेकडे. रोज गाडीने जाणं-येणं तुमच्या बेतात बसत नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. भर घालतो ती आठवड्याच्या निवडीची.

टाइमशेअरच्या कॅलेंडरमध्ये वर्षाचे आठवडे १ ते ५२ असे मोजतात, काही वर्षी ५३ वाही येतो. आठवड्याचा क्रमांक कळला की हवामान काढता येतं. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर जास्त. याच काळातले आठवडे एक्स्चेंजमध्ये भरपूर आणि सहज मिळतात, कारण ज्यांचे ते आहेत त्यांनाही ते नको असतात. अरुबा दक्षिणेला असल्याने वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहे, म्हणून तिथे या महिन्यांत जाणं त्यातल्या त्यात बरं. कॅनकूनला २००५ मध्ये विल्मा वादळाने पुळणच वाहून नेली होती, नंतर समुद्रातून वाळू उपसून ती पुन्हा भरावी लागली.

दुसरी गोष्ट सारगासम. तपकिरी, तरंगतं समुद्रशैवाल. २०११ पासून कॅरिबियन आणि मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर त्याचे ढीग येऊ लागलेत, साधारण वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत. कुजलं की दुर्गंधी येते, पाण्यात पाय घालायची इच्छाच होत नाही. रिसॉर्टवाले पहाटे ट्रॅक्टर लावून ते काढतात, तरी दुपारपर्यंत पुन्हा येतं. इथेही पूर्वेकडे तोंड असलेले किनारे जास्त भोगतात. बुकिंगआधी त्याच महिन्यातले, मागच्या दोन-तीन वर्षांचे पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, रिसॉर्टने टाकलेले नव्हे.

सुट्टीचं बंधन नाही हे तुमचं मोठं भांडवल आहे. ते वापरा.

प्रतिसाद

ईगल बीचवर आम्ही आईला घेऊन राहिलो होतो. वाळू पांढरी, बारीक, पट्टी खूप रुंद. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. काही रिसॉर्टं आणि वाळू यांच्यामध्ये वाहता रस्ता आहे, सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन तो ओलांडावा लागतो. आणि वारा सतत असतो. तरुणांना बरं वाटतं, आईला मात्र कानाला रुमाल बांधूनच बसावं लागायचं. गवताने शाकारलेल्या छत्र्या असतात, त्या कोणाला आणि कधीपासून मिळतात याचे प्रत्येक रिसॉर्टचे नियम वेगळे. ते आधी विचारा, कारण सावली नसेल तर उन्हं चढेपर्यंतही बसता येणार नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. काठावरच्या फेसाच्या ओळी बघायची युक्ती लगेच करून पाहिली आणि यादीतली दोन नावं तिथेच गळली. वाऱ्याचं कोणी सांगितलं नसतं तर सुचलंही नसतं, सासूबाईंना कानाचा त्रास आहेच.

रिसॉर्टला थेट विचारायचं झालं तर काय काय विचारावं? आणि आठवडा जमा करण्याचं कोणीतरी सांगा.

प्रतिसाद

आधी जमा करण्याबद्दल. आरसीआय आणि इंटरव्हल इंटरनॅशनल या दोन एक्स्चेंज कंपन्या अनुक्रमे १९७४ आणि १९७६ पासून हेच काम करतात. तुमच्या आठवड्याच्या बदल्यात काय मिळेल ते त्याचा मोसम, युनिटचा आकार, त्या जागेला असलेली मागणी आणि तुम्ही तो किती आधी दिला यावर ठरतं. चेक-इनच्या तोंडावर दिलेल्या आठवड्याची किंमत घसरते. तेव्हा जायचं नक्की असेल तर लवकर जमा करा आणि मागणी 'चालू शोध' म्हणून, म्हणजे हवा तसा आठवडा येईपर्यंत शोध चालू राहील अशी, नोंदवून ठेवा. तारखांचा पल्ला मोठा द्या, पण रिसॉर्टं मोजकीच लिहा. 'त्या भागातलं कुठलंही' असं लिहिलंत तर रस्त्यापलीकडचं हाती पडेल. जमा करायच्या आधी या वर्षाचं देखभाल शुल्क भरलेलं आहे ना बघा, थकबाकी असेल तर आठवडा घेत नाहीत. आणि मालकी सासूबाईंच्या नावावर असल्याने सभासदत्व त्यांचंच लागेल. त्या स्वतः सोबत येताहेत म्हणून पाहुण्याच्या नावाचं वेगळं प्रमाणपत्र बहुधा लागणार नाही.

रिसॉर्टला फोन केलात तर 'किनारा चांगला आहे का' असं विचारू नका, 'हो' शिवाय दुसरं उत्तर येत नाही. युनिटच्या दारापासून ओल्या वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत ते विचारा. उधाणाच्या भरतीला खुर्च्या कुठपर्यंत मागे घ्याव्या लागतात ते विचारा. तो प्रश्न कळला नाही तर त्या माणसाने किनारा पाहिलेला नाही, दुसऱ्याला फोन द्यायला सांगा. वाळूवरून चालणारी फुगीर चाकांची खुर्ची आहे का, वाळूवर अंथरलेली चटईची वाट आहे का, जीवरक्षक कुठल्या वेळेत असतो, हे विचारा. कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीतला फरक लहान असतो, पण फरक मोठा असेल अशा ठिकाणी जाणार असाल तर अमावस्या-पौर्णिमा टाळून अष्टमीच्या आसपासचे दिवस मोकळे ठेवा. भांगाच्या (लहान भरतीच्या) त्या दिवसांत पाणी फार वर चढत नाही आणि फार दूरही जात नाही, काठीने चालणाऱ्याला ते सोयीचं.

अजून एक, हे कळकळीने सांगतो. चेक-इन करताना कोणीतरी गोड बोलून 'मालकांसाठी माहिती सत्र' म्हणून बोलावेल, भेटवस्तूही देऊ करेल. ते विक्रीचं सत्र असतं आणि आखडतं घेतलं नाही तर अख्खी सकाळ जाते. सासूबाईंच्या नावावर आठवडा असल्याने त्यांनाच पुढे बसवतील. नम्रपणे नको म्हणा आणि तिथे कशावरही सही करू नका. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार १४ दिवसांत करार रद्द करता येतो आणि तोवर आगाऊ पैसे घ्यायलाही मनाई आहे, पण इतरत्र मुदती वेगळ्या आणि कमीही असतात.

धागाकर्ती

सभासदत्वाचे कागद सासूबाईंच्या कपाटातून काढले, देखभाल शुल्क भरलेलं आहे. सध्या बेत असा: पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा, मध्ये रस्ता नको, तळमजल्याचं युनिट किंवा लिफ्ट, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा कुठलाही आठवडा. ग्रँड केमन आणि नेग्रिल यादीत घेतलेत, तेनेरिफ काढलं, अरुबा वाऱ्यामुळे शेवटी ठेवलं. सेव्हन माइल बीचचं दक्षिण टोक बरंच झिजलंय असं वाचनात आलं, म्हणून तिथलं रिसॉर्ट निवडताना मधला किंवा उत्तरेकडचा भाग बघतेय. त्या भागात अलीकडे कोणी राहून आलं असेल तर भरतीच्या वेळी वाळू किती उरते तेवढं सांगा, मागणी या आठवड्यातच नोंदवायची आहे.