बरगडी, फासळी आणि छातीचा 'पिंजरा'

मूळ प्रश्न

श्वसनाच्या व्यायामांची छोटी माहितीपत्रिका मराठीत लिहिते आहे. छातीच्या हाडांपाशी येऊन अडले. 'बरगडी' लिहू की 'फासळी'? दोन्ही एकच की काही फरक आहे? 'खोट्या बरगड्या' वाचून लोक घाबरणार नाहीत ना? आणि सगळ्यात जास्त खटकतो तो 'छातीचा पिंजरा'. पिंजरा म्हटलं की गज आले, घट्ट बसवलेले. मला तर सांगायचंय की ही हाडं प्रत्येक श्वासाला हलतात.

प्रतिसाद १

हाड म्हणून दोन्ही एकच. बोलण्यात मात्र बारीक फरक जाणवतो. 'बरगडीत कळ आली', 'बरगडीत लाथ बसली' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा एक हाड नव्हे तर ती सगळी बाजूच मनात असते. 'फासळीत कळ आली' तितकं सहज येत नाही. फासळी म्हटलं की एक एक सुटं हाड दिसतं: फासळ्या मोजता येतील इतका वाळलेला माणूस. पत्रिकेसाठी मी बरगडीच घेईन.

फासळी हिंदीतल्या पसलीची नातलग. संस्कृतात बरगडीला पर्शु, पर्शुका. पर्शूंचा समूह तो पार्श्व, अशी जुनी व्युत्पत्ती आहे. म्हणजे 'पार्श्वभूमी' किंवा 'पार्श्वगायन' म्हणताना आपण बरगड्यांनाच हात लावत असतो!

प्रतिसाद २

पिंजऱ्याला इतक्यात हाकलू नका. 'छातीचा पिंजरा' ऐकायला भाषांतर वाटतो, पण संस्कृत 'पंजर' शब्दात पिंजरा आणि हाडांचा सांगाडा हे दोन्ही अर्थ आहेत. आपला 'अस्थिपंजर' तिथूनच आला. बंगालीत तर 'पांजर' म्हणजे चक्क बरगडी. शब्द घरचाच आहे. त्याच्या जोडीला हालचाल सांगणारं एखादं वाक्य द्या, म्हणजे झालं.

प्रतिसाद ३

हालचालीचंच बोलायचं तर सांध्यांबद्दल लिहायला हवं, आणि तिथे मराठी वाचक खरा चुकतो. 'सांधा' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे गुडघा, कोपर, खांदा येतो. बरगड्यांना सांधे असतात हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. पाठीत उसण भरली की दुखणं स्नायूचंच, असं आपण धरून चालतो. ते या सांध्यांचंही असू शकतं.

मागच्या बाजूने पाहा. बहुतेक बरगड्यांचं डोकं शेजारच्या दोन मणक्यांना मिळून टेकतं. तिथून थोडं पुढे बरगडीवर एक छोटा उंचवटा असतो, तो मणक्याच्या आडव्या फाट्याला टेकतो. म्हणजे एका बरगडीला मागेच दोन ठिकाणी सांधा. ११वी आणि १२वी मात्र मणक्याला एकाच जागी धरून असतात.

याला आपल्याकडे जुने शब्द आहेत आणि ते फार नेमके आहेत. चरकसंहितेत हाडं मोजताना दोन्ही बाजूंच्या मिळून २४ पर्शुका, २४ स्थालकं आणि २४ स्थालकार्बुदं सांगितली आहेत. स्थालक म्हणजे बरगडी टेकते ती खोलगट जागा, अर्बुद म्हणजे उंचवटा. आज आपण हाडं म्हणून फक्त २४च मोजतो, पण तेव्हा मोजणाऱ्याची नजर सांध्यापर्यंत गेली होती, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पत्रिकेत मात्र 'अर्बुद' घालू नका. आजच्या वाचकाला ती कर्करोगाची गाठ वाटेल. 'उंचवटा' पुरे.

प्रतिसाद ४

'खोट्या'बद्दल. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने, म्हणजे टोकाच्या लवचिक मऊ हाडाने, थेट उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या चपट्या हाडाला जोडलेल्या असतात. ८, ९, १० या वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून असतात, आणि शेवटच्या दोन जोड्या पुढून मोकळ्याच. 'खऱ्या-खोट्या' हा फरक फक्त जोडणीचा आहे, हाड सगळ्यांचं तितकंच खरं. मी 'थेट जोडलेल्या', 'आडून जोडलेल्या' आणि 'मोकळ्या' असं लिहीन. 'तरंगत्या' नको, त्या स्नायूंमध्ये चांगल्या रुतलेल्या असतात.

कूर्चेला कुठे 'उपास्थी' म्हणतात, कुठे 'कास्थी'. सुश्रुताने नाका-कानातल्या अशा हाडांना 'तरुण' म्हटलंय. काय सुंदर शब्द आहे! वय वाढतं तशी बरगड्यांची कूर्चा कडक होत जाते आणि छाती पहिल्यासारखी फुलत नाही, हे समजल्यावर तर तो आणखीच पटतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३ वाचून स्वतःवर करून पाहिलं. गळ्याच्या खालच्या खाचेतून बोट उरोस्थीवरून खाली सरकवलं, चारेक बोटांच्या आतच एक आडवी कड लागली. तिथे हाडाचे वरचे दोन भाग एकमेकांना मिळतात. त्या कडेवरून बाजूला गेलं की दुसरी बरगडी लागते. पहिली गळपट्टीच्या हाडाआड दडलेली असते, म्हणून डॉक्टर मोजणी इथूनच सुरू करतात.

पिंजरा ठेवला आहे. त्याच्या लगेच पुढे हे लिहिलंय: 'या पिंजऱ्याचे गज सांध्यांवर बसवलेले आहेत. श्वास घेताना वरच्या बरगड्यांचं पुढचं टोक हातपंपाच्या दांड्यासारखं वर उचललं जातं, आणि खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उघडतात. दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवा, मधली बोटं एकमेकांना टेकवा आणि सावकाश श्वास घ्या. बोटं एकमेकांपासून सुटतील.'

'कडी' सगळीकडे कळेल ना? बादलीची मूठ म्हणणारेही ऐकलेत.

प्रतिसाद २

कडीच ठेवा. मूठ म्हटलं की हातात धरायची जागा तेवढी दिसते. दोन्ही टोकांना अडकून मधून वर उचलली जाते ती कडी.