बेळगावात चालायला जायचं तर आधी स्कूटी काढायची, हे बरोबर हाय का? (चर्चा)

तिसरंगेटवाला
बाबांना शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज अर्धा तास चाला. टिळकवाडीत चालायचं म्हणजे व्हॅक्सिन डेपोचं मैदान. तर रोज पहाटे साडेपाचला मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून डेपोत सोडतोय, ते दोन फेऱ्या मारतात आणि परत स्कूटीवरच घरी. अंतर किती, तर दीड किलोमीटर. बाहेर बघितलं तर चाळीसेक गाड्या लावलेल्या, सगळे चालायलाच आलेले! एके काळी तिथं देवीची लस बनायची, आता शुगरवाले औषध म्हणून फेऱ्या मारतात, तेही पेट्रोल जाळून.

माझं म्हणणं एवढंच की फुटपाथ आणि वेळेवर येणारी सिटी बस हा नुसता ट्रॅफिकचा विषय नाही, दवाखान्याचा आहे. मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं घाम येईल इतपत हालचाल करावी असं डब्ल्यूएचओ सांगते. बसनं जाणाऱ्याची त्यातली बरीचशी न ठरवताच होते, स्टॉपपर्यंत जायला यायला. अमेरिकेत २००५ च्या एका अभ्यासात बस-ट्रेनला चालत जाणाऱ्यांपैकी निम्मे लोक तेवढ्यासाठीच दिवसाला १९ मिनिटं किंवा जास्त चालत होते. म्हणून खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीत संध्याकाळी गाड्या बंद करा, पार्किंगला पैसे लावा आणि ते पैसे बसला द्या. आता घाला शिव्या.

खडेबाजार_कट्टा
शिव्या नाही, हिशोब सांगतो. माझं कापडाचं दुकान आहे. लग्नाच्या सीझनला चंदगड, खानापूरकडनं अख्खं घर गाडी करून येतंय, पाच साड्या, दोन शालू, आहेराची पिशवी. त्यांना कुठंतरी लांब गाडी लावून चालत या म्हणू? ते सरळ कोल्हापूर गाठतील. तुमच्या बाबांची शुगर कमी होईल आणि माझं बीपी वाढेल.

वडगावची_सून
दादा, शनिवारी बाजाराला तुमच्या गल्लीतनं मी लेकराला कडेवर घेऊन येते तेव्हा टू-व्हीलरचा आरसा कोपराला लागतो, आणि हॉर्न तर पोराच्या कानातच. मी पण गिऱ्हाईकच की. आणि लग्नाचे खरेदीवाले वर्षातनं एकदा येतात, आम्ही दर आठवड्याला.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
सगळं गोड बोलूलेत पण आमची शिफ्ट रात्री अकराला सुटतीया, त्या टायमाला कुठली बस मर्दा? गाव सात किलोमीटर, मधी ऊस आणि कुत्री. गाडी नसली तर नोकरी नाही. पहिला बस आणा मग पार्किंगला पैसे लावा, उलटं करूलेत म्हणून तर लोक चिडत्यात. आणि सायकलचं म्हणाल तर जून ते ऑगस्ट बेळगावचा पाऊस बघितलाय न्हवं? रेनकोट घातला तरी आतनं घामानं भिजतोय आणि भाईरनं पावसानं.

तिसरंगेटवाला
बस आधी, हे मान्य. माझ्या पोस्टमध्ये क्रम चुकला.

कॅम्पातला_म्हातारा
सायकलची तरफदारी मी करतो. चाळीस वर्षं चालवली, गुडघे अजून शाबूत आहेत. ब्रिटनमध्ये २०१७ साली अडीच लाखांहून जास्त माणसांचा अभ्यास छापून आला होता, पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. सायकलनं कामाला जाणाऱ्यांत मरणाचा धोका ४१ टक्के कमी दिसला.

निपाणीकर
काका, आदर ठेवून सांगतो, असले अभ्यास बघताना एक बघावं लागतंय की मुळात जो धडधाकट तोच सायकल मारतो, आजारी माणूस मारत नाही. मग सायकलमुळं जगला की जगणाराच होता म्हणून सायकल मारली? आणि धूर? चन्नम्मा सर्कलला डिझेलच्या मागं उभं राहून लांब श्वास घ्यायचा ही कसली तब्येत?

कॅम्पातला_म्हातारा
पहिला मुद्दा रास्त. सिगारेट, वजन वगैरे त्यांनी हिशेबात धरलं होतं, तरी अशा अभ्यासानं कारण पक्कं सिद्ध होत नाही हे खरं. धुराचंही २०१६ साली केंब्रिजच्या लोकांनी गणित मांडलं होतं. दिल्लीच्या हवेतसुद्धा आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकल चालवली तर फायदाच जास्त निघतो. आपली हवा दिल्लीइतकी वाईट नाही. दुसऱ्या रेल्वे गेटाला फाटक पडलं की तेवढी इंजिनं बंद करा, निम्मा धूर तिथंच जाईल. (हे निम्मा मी तोंडानं सांगतोय, मोजलेलं नाही.)

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
धुरानं मरायला वेळ लागतोय काका, ट्रक एका मिनिटात काम करतोय.

निपाणीकर
हे मात्र बरोबर बोललास. देशात २०२२ ला १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त टू-व्हीलरवाली. म्हणून मी सायकलवर नाही, बसवर पैसा घाला म्हणतो. पण हुबळी-धारवाडची चिगरी बस बघा, वीस-बावीस किलोमीटर, मधनं बसला वेगळी लेन. बस पळते, बाजूला बाकीचे अडकून बसतात. आमच्या चुलत्याला विचारा, रोज शिव्या देतो.

वडगावची_सून
चुलते गाडीत बसून शिव्या देतात, बसमधले देत नसतील 😄
जून २०२३ पासनं शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली तशी माझी सासू महिन्याला दोनदा तरी सरकारी दवाखान्यात जाते. आधी रिक्षाचे पैसे नकोत म्हणून बीपीची गोळी संपली तरी गप्प बसायची. एक अडचण आहे, बसवरचं नाव नुसतं कन्नडात, तिला वाचता येत नाही. वाद नकोय, नुसता नंबर मोठा लिहिला तरी चालेल. चुकीच्या बसमध्ये बसून एकदा पार सांबऱ्याला पोचली होती. आणि गर्दी इतकी की उभं राहूनच कंबर धरते, तेवढं खरं.

खडेबाजार_कट्टा
बरं, रविवार संध्याकाळ करून बघा, सहा ते नऊ. सामानाचा टेंपो दुपारी येऊ दे. महिनाभर माझा गल्ला मी स्वतः लिहून ठेवतो. पडला तर मात्र इथंच येऊन बोंबलणार.

तिसरंगेटवाला
लिहून ठेवा, वाट बघतो. अपडेट: आज बाबांना चालत नेलं. दीड किलोमीटरला पस्तीस मिनिटं. फुटपाथवरनं तीनदा खाली उतरावं लागलं, एकदा लावलेली कार, एकदा खडीचा ढीग, एकदा झाकण नसलेलं चेंबर. डेपोच्या गेटात पोचल्यावर बाबा म्हणाले, झालं की चालून, आता आत कशाला जायचं. येताना रिक्षा केली.