जनावरांच्या डॉक्टरांचे शब्द लवकर कसे शिकायचे? (मदत हवी आहे)

रेणुका_खानापूर
नमस्कार. जनावरांच्या दवाखान्यात चालणारे इंग्रजी शब्द शिकायचे आहेत. मला एक पीडीएफ दिली आहे, सगळी इंग्रजीत. आधी शरीराच्या दिशा, मग रोग, मग ऑपरेशनं. पाठ करायला बसलं की पुढचा शब्द येतो तोवर मागचा गेलेला असतो. सोमवारपासून गरज लागणार आहे. कुणाकडं मराठीत तयार यादी असेल तर टाका. 'गूगल कर' सांगू नका, केलंय.

घटप्रभा_काठ
कशासाठी ते लिहिलंच नाही, अक्का. परीक्षा, नोकरी, की पशुसखीचं ट्रेनिंग? गाई-म्हशी की कुत्री-मांजरं? बेळगावात टिळकवाडीच्या क्लिनिकमध्ये लागणारे शब्द वेगळे, खानापूरच्या गोठ्यात लागणारे वेगळे.

अथणी_एक्सप्रेस
व्हेटर्नरीला जायचं असेल तर बी.व्ही.एस्सी. साडेपाच वर्षांचा कोर्स आहे, इंटर्नशिप धरून. कर्नाटकातली कॉलेजं बीदरच्या विद्यापीठाखाली, महाराष्ट्रातली नागपूरच्या. बारावीला बायोलॉजी हवीच. माझा भाचा शिरवळला आहे, होस्टेलची माहिती लागली तर विचारा.

रेणुका_खानापूर
ॲडमिशन नकोय हो. नोकरी आहे. गाई-म्हशी, थोड्या शेळ्या. यादी आहे का कुणाकडं?

शब्दवेल्हाळ
यादी मागू नका, शब्द फोडायला शिका. हे बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असतात. शेवटी 'आयटिस' आलं की दाह. 'मास्ट' म्हणजे स्तन, म्हणून मास्टायटिस म्हणजे कासदाह, खेड्यात ज्याला दगडी म्हणतात ते. 'मेट्र' म्हणजे गर्भाशय, म्हणून मेट्रायटिस. 'पायो' म्हणजे पू, म्हणून पायोमेट्रा. शेवटी 'एमिया' आलं की रक्ताची गोष्ट, 'युरिया' आलं की लघवीची (खताच्या पोत्यावरचा सोडून). 'हायपो' कमी, 'हायपर' जास्त. आता हायपोकॅल्सेमिया तुम्हीच फोडा: रक्तात कॅल्शियम कमी. 'टॉमी' म्हणजे कापून उघडणं, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढून टाकणं. रुमेनोटॉमीत गाईचं मोठं पोट उघडून, आतलं खिळे-प्लॅस्टिक काढून परत शिवतात, पोट जाग्यावरच राहतं. असे तीस-चाळीस तुकडे आले की निम्मं पुस्तक वाचता येतं.

गोठ्यातला_कंपौंडर
सर, कागदावर छान दिसतंय. पण हायपोकॅल्सेमियाला गोठ्यात हायपोकॅल्सेमिया कोण म्हणतं? मिल्क फीव्हर लिहितात. आता हे फोडा बघू. दुधाचा ताप? त्या गाईला ताप नसतोच. कान गार पडतात, मान कुशीकडं वळवून बसते. नव्या माणसानं 'ताप' म्हणून नोंद केली की झालं कल्याण.

शब्दवेल्हाळ
मिल्क फीव्हर ग्रीक नाही, इंग्रजीतलं बोलीचं नाव आहे. माझा नियम त्याला लागत नाही.

गोठ्यातला_कंपौंडर
नियम लागत नाही तेच शब्द रोज येतात की! अक्का, पीडीएफ ठेवा बाजूला. डॉक्टरांबरोबर गाडीवर बसा, गोठ्यात उभं राहा, कानावर पडेल ते वहीत लिहा. मी असाच शिकलो, बारावी नापास.

शब्दवेल्हाळ
आणि सोमवारपर्यंत किती गोठे होतील?

घटप्रभा_काठ
भांडा नंतर. दिशांचं पान मी उरकतो, सोपं आहे. क्रेनियल डोक्याकडं, कॉडल शेपटीकडं, डॉर्सल पाठीकडं, व्हेंट्रल पोटाकडं. माणसाच्या पुस्तकातलं सुपीरियर-इन्फीरियर इथं लावायला जाऊ नका. माणूस उभा असतो, गाय आडवी, सगळं फिरतं. आता अक्का, काम नेमकं काय ते सांगा. औषधांचं दुकान आहे का?

रेणुका_खानापूर
दुकान नाही. खाजगी डॉक्टर आहेत, गावोगाव फिरतात. त्यांचं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायचं आहे. तीन ओळी टाकते, इंग्रजी अक्षरं मराठीत लिहिलीत:
एचएफ क्रॉस, ३ एल, एलएच क्वार्टर, सीएमटी ++, आय/एम बीआयडी
म्हैस, आर/बी, पीआर – एनएडी, एआय
गाय, आरओपी, टेम्प १०३.८, आय/यू
पीडीएफमध्ये यातलं एकही सापडलं नाही.

गोठ्यातला_कंपौंडर
अहो मग हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकायचं की! यात रोग शिकायचा नाहीच, डॉक्टरांचं शॉर्टकट शिकायचंय.

घटप्रभा_काठ
पहिली ओळ: होल्स्टीन फ्रिजियन संकरित गाय, तिसरं वेत. एलएच म्हणजे लेफ्ट हाइंड, कासेचा मागचा डावा भाग. चार भाग असतात: एलएफ, एलएच, आरएफ, आरएच. डावा म्हणजे जनावराचा डावा. गाईच्या मागं उभं राहिलात तर तिचा डावा आणि तुमचा डावा एकच. समोरून बघितलंत की उलटं, तिथंच नोंदी चुकतात. सीएमटी म्हणजे कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट. दुधात औषध टाकून ढवळतात, जितकं घट्ट चिकट होईल तितक्या अधिकच्या खुणा. आय/एम म्हणजे स्नायूत इंजेक्शन, बीआयडी दिवसातून दोनदा. एकदाच असेल तर जनावरांचे डॉक्टर एसआयडी लिहितात.

गोठ्यातला_कंपौंडर
दुसरी मी सांगतो. आर/बी म्हणजे रिपीट ब्रीडर, वारंवार उलटणारी, म्हणजे भरवूनही गाभण न राहणारी म्हैस. पीआर म्हणजे मागून हात घालून तपासणी. एनएडी म्हणजे काही दोष सापडला नाही. एआय म्हणजे कृत्रिम रेतन, पेपरात रोज येतंय ते एआय नव्हे. तिसरीत आरओपी म्हणजे व्याल्यावर पडायची ती वार अडकली. आय/यू म्हणजे गर्भाशयात औषध सोडलं. गाईचं नॉर्मल साधारण १०१.५ फॅरनहाइट, म्हणजे १०३.८ हा ताप खरा. मिल्क फीव्हरवाला नव्हे. कानातल्या टॅगचा नंबर बारा आकडी असतो, तो दोनदा तपासा.

देशी_उपाय
मास्टायटिसला कोरफड, हळद आणि चुना एकत्र वाटून कासेला लावा. इंजेक्शनची गरजच नाही.

गोठ्यातला_कंपौंडर
लेप लावायला कुणाची ना नाही. पण सीएमटी ++ आहे आणि डॉक्टरला न दाखवता लेपावरच बसलं तर सड कायमचा जातो. आणि हे विचारलंय कुणी?

हुक्केरी_मुऱ्हा
आर/बीवरून आठवलं. माझी मुऱ्हा जातीची म्हैस दर एकवीस दिवसांनी माजावर येते, भरवली तरी उलटते. काय करावं?

कित्तूर_कन्नडिग
माझं मराठी तोडकं आहे, सांभाळून घ्या. रेणुका अक्का, सरकारी लसीकरणाच्या कागदावर कन्नड नावं येतील. कालुबायी रोग म्हणजे एफएमडी, तुमचं लाळ्या-खुरकूत. चर्मगंटु रोग म्हणजे लम्पी. चप्पे रोग म्हणजे बीक्यू, तुम्ही फऱ्या म्हणता. केच्चलु बावु म्हणजे मास्टायटिस. गब्ब म्हणजे गाभण, हे तर जवळजवळ एकच आहे.

सीमाभाग_जिंदाबाद
कागद मराठीत का मिळत नाहीत हा खरा प्रश्न आहे. १९५६ पासून हेच चाललंय.

घटप्रभा_काठ
दादा, सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, या धाग्यावर निकाल लागायचा नाही. कन्नडिग अण्णांनी कामाचं सांगितलंय, ते उतरवून घेऊ द्या.

रेणुका_खानापूर
अण्णा, धन्यवाद, सगळं लिहून घेतलं. एचएस बीक्यू असं जोडून लिहिलंय, ते दोन रोग झालेत का त्या बैलाला?

गोठ्यातला_कंपौंडर
नाही नाही. घटसर्प आणि फऱ्याची एकत्र लस येते, पावसाळ्याआधी टोचतात. पुढं 'व्हॅक' लिहिलंय का बघा. आहे ना? मग बैल ठणठणीत आहे.

हुक्केरी_मुऱ्हा
माझ्या म्हशीचं कुणी सांगेल का?

घटप्रभा_काठ
जंताचं औषध कधी दिलं, खनिज मिश्रण चालू आहे का, माज कुणी ओळखला, काहीच लिहिलं नाहीत. पीआर करून घ्या आधी. १९६२ या नंबरावर फोन केला तर सरकारी गाडी येते.

रेणुका_खानापूर
शेवटचं एक. काही ठिकाणी नुसतं 'पीपी' लिहिलंय.

शब्दवेल्हाळ
पोस्ट पार्टम. पोस्ट म्हणजे नंतर, पार्टम म्हणजे वेत. व्याल्यानंतरचं.

गोठ्यातला_कंपौंडर
किंवा प्रोकेन पेनिसिलिन. कुठल्या रकान्यात आहे?

रेणुका_खानापूर
एकदा 'तक्रार' या रकान्यात, एकदा औषधाच्या.

गोठ्यातला_कंपौंडर
मग दोघंही बरोबर. तक्रारीतलं सरांचं, औषधातलं माझं. आणि रकाना कळत नसेल तिथं अंदाजानं चढवू नका, डॉक्टरांना फोन लावा. कंटाळले तरी सांगतील.