आडवाटेवरचं जेवण: सातारा-सांगलीकडचे तुमचे अनुभव

कोरेगावची लेक
काल जाऊबाईंनी गावाकडून वाघ्या घेवडा पाठवला. आमच्या कोरेगावच्या या घेवड्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण शहरात चटकन मिळत नाही. रात्री भिजवला, सकाळी मुद्दाम पातेल्यात शिजत ठेवला आणि वास सुटला तसं रहिमतपूरच्या वाटेवरचं ते हॉटेल आठवलं. हॉटेल म्हणजे उसाच्या कडेला पत्र्याची शेड, बाकडी आणि मागं विहीर. मालक शेतात, सून वाढायला, त्यांची आई चुलीपुढं. "आज काय?" विचारलं की "घेवडा हाय, भाकरी हाय. बसा की!"
आईच्या आजारपणात बाबा आम्हा भावंडांना तिथं जेवायला न्यायचे. त्या आजी माझ्या ताटात न विचारता तूप वाढायच्या. वेणी सुटलेली दिसली की हात धुऊन मला पुढ्यात बसवायच्या आणि घट्ट घालून द्यायच्या. त्याचे पैसे कुणी लावले नाहीत. आता ती शेड नाही. तुमच्याकडची अशी ठिकाणं लिहा ना. मोठी रिसॉर्टं नकोत.

कृष्णाकाठ
वेणीचं वाचून गलबललं, ताई. लाईट आलीय, मोटर चालू करायला चाललोय. रात्री लिहितो.

माणदेशी
खर्ड्याशिवाय हा धागा अपुरा! दहिवडीच्या अलीकडं एक घरगुती खानावळ होती. मिरच्या, लसूण, शेंगदाणे लोखंडी तव्यावर तेलात परतायचे आणि तवा चुलीवर असतानाच पितळी तांब्याच्या बुडानं रगडायचे. ठसका सगळ्यांना लागायचा, उठायचं मात्र कुणी नाही. बाजरीची भाकरी थापून तव्यात टाकली की वरून पाण्याचा हात, उलटली की काढून आराला उभी. टम्म फुगल्यावर पापुद्रा उचलायचा आणि खर्डा आत.
आमच्या माण-खटावात पाऊस कमी, म्हणून भाजीपाल्यापेक्षा कडधान्यावर भर. हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, मागितलं की त्या काकी संकोचायच्या, "पाव्हण्याला हे कसं देऊ?" म्हणायच्या. अहो, मी त्यासाठीच वाकडी वाट करून यायचो!

मेथीची जुडी
वाचतेय. बाळ झोपलं की लिहिते.

घाटवाट
बामणोली. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली उतरलं की कोयनेचा शिवसागर जलाशय लागतो. वासोटा गडाच्या बोटी तिथूनच सुटतात. सकाळी बोटीत बसण्याआधी जेवण सांगून ठेवायचं. भाकरी तांदळाची की नाचणीची, शाकाहारी किती, सगळं आधीच. गड उतरून, बोटीतून थंडीनं काकडत परत आलो तर ताटं मांडलेली. पातळ आमटी, गरम भात, भाजलेला पापड. आमच्यातला एकजण एरवी भाताला शिवत नाही, त्यानं आमटी ओरपून ओरपून खाल्ली.
वाढणाऱ्या मावशी समोरच्या पाण्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "सासऱ्यांचं जुनं घर त्याच्या खाली हाय." धरणात गावं गेली ती. त्यानंतर तिथं जेवताना मी पानात काही टाकत नाही.
कास २०१२ साली जागतिक वारशात आलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत गर्दी फार. जेवायला जायचं तर थंडीत जा.

पुणे३०
कुंभार्ली घाट सध्या कसा आहे? शनिवारी चिपळूणला निघतोय.

घाटवाट
दिवसाउजेडी उतरा, धुकं असतं. हेळवाकला चहा घ्या.

माहेर कराड
अख्खा मसूर कुणीच लिहिला नाही? कराड-इस्लामपूरच्या बाजूला ढाब्यावर तोच खायचा. काळपट लाल, वर तेलाचा तवंग, कांदा-लसूण मसाल्याचा दणका आणि ताटाबाहेर जाणारी रोटी. बाळंतपणानंतर सासरी निघाले तेव्हा दादानं वाटेत गाडी थांबवून डबा भरून घेतला होता. सासूबाईंना इतका आवडला की आता माहेरी निघाले की त्याच डबा धुऊन हातात देतात.

मेथीची जुडी
माझा मसूर गाळच होतो. कसा करायचा?

माहेर कराड
भिजवून घे, कुकर नको. पातेल्यात दाणा शिजेल पण फुटणार नाही इतपत शिजव. कांदा चांगला लाल होऊ दे, मग टोमॅटो, मग मसाला. तेलात हात आखडू नकोस.

गावदरी
एक तक्रार सांगतेच. सुट्टीत मुलांना घेऊन एका ठिकाणी गेलो, नाव लिहीत नाही. पाटी चुलीवरच्या जेवणाची, मागं गॅसच्या शेगड्या आणि भाकऱ्या सकाळी करून रचून ठेवलेल्या. चुलीचे म्हणून जादा पैसे घेतले. गॅसवर करा, हरकत नाही, पण खरं सांगा. खऱ्या चुलीपुढं राबणाऱ्या बाईच्या पोटावर पाय येतो यानं.

माणदेशी
अगदी मनातलं बोललात, ताई.

जतचा
आमच्याकडं माडग्याळी मेंढीचं मटण. राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक, उंच जनावर, बाजारात बघायलासुद्धा लोक जमतात. माडग्याळ जत तालुक्यातलंच. आमच्या ओळखीचे एक काका शेतातल्या घरी फक्त सांगितलं तरच मटण करतात. सकाळी फोन करायचा, दुपारी जायचं, लिंबाखाली सतरंजीवर बसायचं. ज्वारीची भाकरी, रस्सा, कच्चा कांदा. पाव्हणा उशिरा आला तरी ते त्याच्याआधी जेवत नाहीत. उन्हाळ्यात स्वतः टँकरचं पाणी घेतात आणि आम्हाला तांब्यावर तांब्या भरून देतात. सांगा, याचं मोल कसं करायचं?

कृष्णाकाठ
आलो, पाणी धरून झालं. सांगलीजवळच्या हरिपूरचं लिहितो. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं दर्शन, मग गावातल्या एका घरी जेवण. काठचं वांगं इतकं कोवळं की देठासकट खावं. जेवल्यावर त्या आजोबांनी हळदीची पेवं दाखवली. जमिनीखालच्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. आजोबा पेवाच्या तोंडाशी उभे राहून आत कसं उतरायचं ते सांगत होते आणि आमचा विडा हातातच राहिला. जेवणापेक्षा त्या गप्पाच जास्त लिहिल्या गेल्या, पण राहवत नाही.

मेथीची जुडी
दादा, सासूबाईंना मांडी घालून बसता येत नाही. तिथं टेबल-खुर्ची आहे का?

कृष्णाकाठ
खुर्ची देतात, पुढं स्टूल ठेवतात. आदल्या दिवशी कळवावं लागतं, मी बोलून ठेवतो. किती जण ते सांगा आणि तिखट कमी हवं असेल तर तेही आत्ताच सांगा.